'आय ॲम अ पंक' की नुसतं 'आय ॲम पंक'? रविवारपर्यंत ठरवायचंय, मदत करा

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी. प्रश्न एका अक्षराचा आहे, पण त्यावरून आमच्या घरात चार दिवस ताटावर बसलं की वाद सुरू होतो.

थोरला १९ वर्षांचा आहे. बेस गिटार वाजवतो. कुपवाड एमआयडीसीत त्याच्या मित्राच्या वडिलांचं एक रिकामं गोडाऊन आहे, तिथं चौघं पोरं रात्री आठ ते दहा पंक रॉक, म्हणजे रॉक संगीतातलाच एक जोरकस, बंडखोर प्रकार, वाजवतात. आता इंग्लंडमधल्या एका म्युझिक प्रॉडक्शनच्या कोर्सला अर्ज करतोय. सोबत स्वतःविषयी इंग्रजीत पानभर लिहायचंय. त्याचं पहिलंच वाक्य: 'आय ॲम अ पंक फ्रॉम सांगली.' क्लासच्या सरांनी त्यातला 'अ' लाल पेननं उडवला. म्हणाले, पंक हा संगीताचा प्रकार आहे, प्रकाराच्या आधी 'अ' येत नाही. पोरानं तो परत घातला. सरांनी परत उडवला. आता पोरगं म्हणतंय, 'अ' नसेल तर मी अर्जच पाठवत नाही.

मी मराठी माध्यमाचा, हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. माझ्याकडून निवाडा होण्यातला नाही. जाणकारांनी सांगावं, बरोबर काय? आणि बाप म्हणून दुसरं विचारतो. डिक्शनरीत 'पंक'चा अर्थ गुंड, टुकार पोरगा असाही दिलाय. तिथल्या माणसानं पहिली ओळ वाचून भलतंच काही समजून घेतलं तर?

भडंग_पार्सल:
पंक म्हणजे चिखल, साहेब. पंकज म्हणजे चिखलातलं कमळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि ओसरल्यावर निम्मी सांगली पंकमयच होती. पोरगं बरोबर लिहितंय, पाठवा अर्ज.

कृष्णामाई:
भडंगभाऊ, हसू आलं आणि पोटात कालवलं पण. आमच्या हरिपूर रोडच्या घरात तो पंक गुडघ्याएवढा होता. आठ दिवस खराट्यानं काढत होतो.

मिरजेच्या_बाई:
३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या सरांचा नियम जॅझला लागू पडतो. जॅझ हा फक्त संगीताचा प्रकार, त्यामुळे 'आय ॲम अ जॅझ' कुणी म्हणणार नाही. पण 'पंक' हा एकच शब्द इंग्रजीत तीन कामं करतो. ते संगीत आणि ती चळवळ, हा एक अर्थ. तो मोजता येत नाही, म्हणून 'आय लाइक पंक', तिथं 'अ' नाही. दुसरा अर्थ, त्या पंथाचा माणूस. माणूस मोजता येतो. एक असेल तर 'अ पंक', चौघं असतील तर 'फोर पंक्स'. आणि तिसरं काम विशेषणाचं, 'अ पंक बँड'. इथला 'अ' बँडचा आहे, पंकचा नाही, हे ध्यानात घ्या. सरांची गल्लत पहिल्या आणि दुसऱ्या अर्थात झाली. मुलगा मी संगीत आहे असं म्हणत नाहीये, मी माणूस आहे, या जातीचा, असं म्हणतोय. 'आय ॲम अ पंक' शुद्ध आहे.

मग 'आय ॲम पंक' अशुद्ध का? तसंही नाही. 'शी इज अ कॅथलिक' आणि 'शी इज कॅथलिक', दोन्ही चालतात, कारण तो शब्द नामही आहे आणि विशेषणही. 'आय ॲम इंजिनीअर' मात्र चूक, कारण इंजिनीअर हे नुसतं नाम. आपली मुलं नेमकी इथं घसरतात, कारण मराठीत 'मी इंजिनीअर आहे' म्हटलं की भागतं. उलटा प्रवासही सुरू झालाय. हल्ली वर्तमानपत्रातसुद्धा 'मी एक शिक्षक आहे' असं वाचायला मिळतं. तो 'एक' मराठीचा नव्हे. मला तो खड्यासारखा लागतो.

तंबोरा_गल्ली:
बाई, म्हणजे रॉक वाजवणाऱ्याबद्दल 'ही इज अ रॉक' लिहिलं तर तो दगड होणार?

मिरजेच्या_बाई:
होणारच. त्याला 'रॉकर' म्हणावं लागतं. आणि 'पंक रॉकर' लिहायचं तर 'अ' हवाच, तिथं दुसरा पर्याय नाही, कारण रॉकर हे नामच.

संस्कृतप्रेमी:
भडंग यांनी गंमत केली खरी, पण मला वाटतं त्यात तथ्य आहे. पंक हा शब्द आपल्याकडूनच तिकडं गेला असणार. हलकं, घाणीतलं, असाच अर्थ आहे की दोन्हीकडं.

मिरजेच्या_बाई:
नाही हो. आवाज जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही. इंग्रजी कोशकारांनी त्या 'पंक'चं मूळ अज्ञात म्हणूनच नोंदवलंय, संस्कृतशी जोडणारा धागा कुठं सापडलेला नाही. आणि सगळ्यात जुना अर्थ तर घाणीचाही नव्हे. शेक्सपिअरच्या काळात 'पंक' म्हणजे वेश्या. 'मेजर फॉर मेजर' या त्याच्या नाटकात तो शब्द त्याच अर्थानं आलाय.

विश्रामबागकर:
बाई, हे मी घरात सांगू नये ना? त्याची आई आधीच नवसाच्या तयारीत आहे.

तासगाव_ते_लीड्स:
काका, घाबरू नका. मी ११ वर्षं लीड्सला आहे, इथं तो अर्थ आज कुणाच्या डोक्यातही येत नाही. 'शी इज अ पंक' म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर चामड्याचं जाकीट, टाचण्या, उभे रंगवलेले केस येतात, आणि त्याबरोबर एक विशिष्ट वागणं. आमच्या गल्लीत साठीचे एक आजोबा आहेत, पोस्टात होते. सगळे त्यांना 'ॲन ओल्ड पंक' म्हणतात आणि त्यात प्रेमच असतं.

अमेरिकेत जरा जपून. तिथं वयस्क माणूस एखाद्या पोराला 'पंक' म्हणाला तर ती शिवी, आपल्याकडं 'टपोरी' म्हणतात तशी. कुजक्या, भुसभुशीत लाकडालाही तिथं जुन्या काळापासून पंक म्हणतात. ते चटकन पेट धरतं म्हणून चूल पेटवायला वापरायचे. आजही ४ जुलैला फटाके लावायची जी उदबत्तीसारखी काडी मिळते, तिचं नाव पंकच.

बाईंशी एका बाबतीत मात्र माझं जमत नाही. 'आय ॲम पंक' व्याकरणात बसतं, पण कागदावर ते कच्चं दिसतं. इथले लोक विशेषण म्हणून 'पंक' वापरतात ते एखाद्या कृतीला. रांगेत तासभर मुकाट उभं राहणाऱ्याला मित्र म्हणतो, 'दॅट्स नॉट व्हेरी पंक.' पण स्वतःबद्दल 'आय ॲम पंक' लिहिणं म्हणजे 'मी लय भारी आहे' असं स्वतःच लिहिण्यासारखं. 'अ पंक'मध्ये तो तोरा नाही. मी त्यांच्यातला एक, एवढंच त्यात येतं.

मिरजेच्या_बाई:
हे तुमचं पटलं. कानाचा निवाडा तिथं राहणाऱ्यानंच करावा.

स्पष्टवक्ता:
व्याकरण होत राहील. मूळ प्रश्न असा की सांगलीचा पोरगा पंक कसा काय? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात. पलीकडं मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. एवढी परंपरा दाराशी असताना लंडनच्या पोरांच्या टाचण्या आपण कशाला मिरवायच्या? उसनं नाव घेऊन ओळख तयार होत नाही.

ढोलवाली:
स्पष्टवक्ता दादा, राग नाही, पण याला उत्तर देणारच. मी सात वर्षं गणपतीत ढोल वाजवला, आता ड्रम वाजवते. पंकची सुरुवातसुद्धा एका गावाची नाही. न्यूयॉर्कच्या बॉवरी भागातल्या 'सीबीजीबी' नावाच्या क्लबात रामोन्स हा बँड वाजवत होता, त्यांचा पहिला अल्बम १९७६ चा. त्याच वर्षी जानेवारीत न्यूयॉर्कमध्येच 'पंक' याच नावाचं मासिक निघालं. लंडनला ते नाव सर्वतोमुखी झालं डिसेंबर १९७६ मध्ये, सेक्स पिस्टल्स या तिथल्या बँडनं टीव्हीवरच्या मुलाखतीत शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी कित्येक पेपरांच्या पहिल्या पानावर तेच होतं तेव्हा. म्हणजे लंडनच्या पोरांनीसुद्धा ते नाव दुसरीकडूनच घेतलं. आणि नाव तरी कसलं, जी शिवी लोक आपल्याला घालतात तीच उचलून छातीवर लावायची.

गोऱ्या पोरांपुरतं ते कधीच नव्हतं. एक्स-रे स्पेक्स या पंक बँडची गायिका पॉली स्टायरीन, तिचे वडील सोमालियाचे. दातांना तारा लावून ती स्टेजवर उभी राहायची आणि तिच्या आवाजाला घाबरून माणसं मागं सरायची. वॉशिंग्टनच्या बॅड ब्रेन्स या बँडमधले सगळे कृष्णवर्णीय. मी १६ वर्षांची असताना पॉलीचा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि मला कळलं की बाईनं गोड गायलंच पाहिजे असं नाही. ते मला आमच्या गल्लीत कुणी सांगितलं नव्हतं. सांगलीच्या पोराला हे नाव शोभत नाही असं म्हणू नका, दादा. फार लागतं ते.

स्पष्टवक्ता:
ताई, लागावं म्हणून लिहिलं नव्हतं. तुमचा मुद्दा कळला. तरी मला वाटतं, नावाआधी काम यावं. आधी दहा वर्षं वाजवा, मग लोकच म्हणतील काय ते.

ढोलवाली:
कामाचं म्हणाल तर पूर्ण मान्य. पंकमध्येही हेच मानतात. स्वतः करा, कुणी करून देईल म्हणून थांबू नका. रेकॉर्ड स्वतः काढायची, पोस्टर स्वतः छापायचं, स्टेज मिळालं नाही तर गोडाऊनमध्ये वाजवायचं. विश्रामबागकर काकांची पोरं तेच करतायत की.

तंबोरा_गल्ली:
हे 'स्वतः करा' वाचून लिहावंसं वाटलं. आमचं घर मिरजेत तंतुवाद्याचं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, ते वाळवायचे, कापायचे, तोंड जुळवायचं, सगळं हातानं. जवारी काढायला, म्हणजे तारेचा सूर घुमावा म्हणून घोडी घासायला, बसलं की दोन दोन तास कान देऊन घासायचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी आज्जा रडला होता. सांगायचं कारण असं, मागल्या वर्षी कुपवाडची चार पोरं आमच्याकडं आली होती. बेसचा स्पीकर ठेवायला लाकडी खोकं पाहिजे होतं, तयार परवडत नव्हतं. आम्ही सागाच्या उरलेल्या फळ्या दिल्या आणि आठवडाभर तीच पोरं आमच्या ओसरीवर रंधा मारत बसली. शेवटच्या दिवशी एकानं तंबोऱ्याला कान लावला आणि अर्धा तास हललाच नाही. विश्रामबागकर, तुमचाच पोरगा असणार तो. उंच, डावखुरा?

विश्रामबागकर:
डावखुराच. खोकं मिरजेतून केलंय म्हणाला होता, पण स्वतः रंधा मारला हे मला आज कळतंय. त्यानं ते कधी सांगितलं नाही.

मिरजेच्या_बाई:
हे त्या अर्जात आहे का?

विश्रामबागकर:
नाही, बाई. अर्जात 'पॅशन' हा शब्द चार वेळा आहे.

छपाईवाला_खणभाग:
माझाही एक प्रश्न इथंच मिटवून द्या, राव. स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा आहे. दोन वर्षांमागं एका कॉलेजच्या पोरांनी २४ टी-शर्ट करून घेतले, पाठीवर इंग्रजीत 'पंक्स नॉट डेड'. डिझाइनमध्ये 'के' आणि 'एस'च्या मधे वरचा स्वल्पविराम नव्हता. मी म्हटलं चूक असंल, आपणच दुरुस्त करावी, आणि घातला. पोरं आली आणि बिघडली. म्हणाली, विदाऊटच पाहिजे होतं. २४ च्या २४ माझ्या अंगावर पडले. अजून दुकानातली दोन पोरं तेच घालून फिरतात. चूक कुणाची?

मिरजेच्या_बाई:
भाऊ, व्याकरणानं तुम्ही बरोबर. ॲपॉस्ट्रॉफी घातली की ते 'पंक इज नॉट डेड'चं आखूड रूप होतं, म्हणजे पंक ही चळवळ मेलेली नाही. 'इज'मधला 'आय' गळला, त्याच्या जागी ते चिन्ह. ते काढलं की 'पंक्स' हे अनेकवचन उरतं आणि वाक्याला क्रियापदच राहत नाही. माणसांबद्दल बोलायचं असेल तर 'पंक्स आर नॉट डेड' लिहावं लागेल. बोलताना दोन्ही सारखंच ऐकू येतं, म्हणून हा घोटाळा होतो. आणि नुसतं अनेकवचन करायला ॲपॉस्ट्रॉफी कधी लावायची नाही. आपल्याकडच्या निम्म्या दुकानांच्या पाट्यांवर ही चूक असते.

जुनी_कॅसेट:
बाईंचं सगळं मान्य, पण पोरांचंही ऐकायला पाहिजे. एडिंबरोच्या 'द एक्स्प्लॉइटेड' या बँडचा १९८१ चा पहिला अल्बम आहे, त्याचं नाव हेच, 'पंक्स नॉट डेड', आणि त्यात ॲपॉस्ट्रॉफी नाही. मुखपृष्ठावर तसंच छापलंय आणि तसंच जगभर जाकिटांवर रंगवलं गेलं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९७८ मध्ये, क्रास या इंग्लिश बँडनं 'पंक इज डेड' नावाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं. पंक मेलं की नाही यावर त्या पोरांचं आपसात जे जुंपलं होतं, त्यातलं हे. तेव्हा त्या अल्बमचं नाव म्हणून छापताय तर नावात ढवळाढवळ करायची नाही. कुणी आपलं नाव 'शितल' असं लिहीत असेल तर आपण ते दीर्घ करायला जात नाही, तसं.

छपाईवाला_खणभाग:
म्हणजे दोघंबी बरोबर आणि २४ टी-शर्ट माझेच.

जुनी_कॅसेट:
छपाईला घेण्याआधी विचारायचं, हे अल्बमचं नाव आहे की तुमचं स्वतःचं वाक्य. नाव असेल तर जसंच्या तसं. स्वतःचं वाक्य असेल तर बाई म्हणतात तसं.

ढोलवाली:
मी विदाऊटवाली. पण लेखात, अर्जात किंवा पत्रात मीही ॲपॉस्ट्रॉफी घालूनच लिहीन. जाकिटावरची चूक आपण मुद्दाम ठेवलीय हे बघणाऱ्याला कळतं. अर्ज वाचणाऱ्याला वाटणार, पोराला येत नाही.

नववी_ब:
'पी' कॅपिटल की स्मॉल? आणि सायबरपंक एक शब्द की दोन?

मिरजेच्या_बाई:
बाळा, पंक हे विशेषनाम नाही, वाक्याच्या मधे आलं तर स्मॉल. वाक्याची सुरुवात किंवा त्या मासिकाचं नाव असेल तरच कॅपिटल. सायबरपंक एकच शब्द, मधे काही नाही. 'पोस्ट-पंक' मधे बहुतेक जण जोडरेघ देतात. 'पंक रॉक' दोन सुटे शब्द, पण विशेषण म्हणून पुढं आलं, जसं 'पंक-रॉक बँड', तर जोडरेघ देणारे आहेत. आणि तू नववीत असून इथं रात्री साडेअकराला काय करतोयस?

तासगाव_ते_लीड्स:
काकांचा मूळ प्रश्न मागं पडायला नको. रविवार जवळ आला.

काका, 'अ' राहू द्या. तुमची दुसरी शंका, भलतंच समजतील ही, तिला उपाय व्याकरणात नाही, पुढच्या वाक्यात आहे. 'आय ॲम अ पंक फ्रॉम सांगली' लिहून पुढं चार वेळा पॅशन लिहिलं तर वाचणारा म्हणेल, बरं, मग? पण त्याच्या पाठोपाठ, आम्ही चौघं कुपवाडच्या गोडाऊनमध्ये वाजवतो, आमच्या स्पीकरचं खोकं मी मिरजेच्या सतारीच्या कारागिरांकडं बसून सागात केलं, असं आलं तर पंकचा कुठला अर्थ घ्यायचा हे आपोआप ठरतं. इथल्या संगीताच्या मास्तरला हे वाचायला मिळालं तर तो खुर्चीतून उठून शेजारच्याला दाखवेल. आणि तंबोऱ्याला कान लावून अर्धा तास बसला, तेही येऊ द्या. बेस वाजवणाऱ्याला खर्ज कळणं ही छोटी गोष्ट नाही.

तंबोरा_गल्ली:
खोक्याचे फोटो आहेत माझ्याकडं, रंधा मारतानाचे. पाठवतो.

मिरजेच्या_बाई:
आणि क्लासच्या सरांशी भांडू नका हो. 'पंक' शब्द माणसाला लागतो हे त्यांना ठाऊक नसेल, बाकी त्यांचा नियम त्यांनी नीट लावला. कोश उघडून दाखवा. नाम, मोजता येणारं, असं तिथं लिहिलेलं असतं. मी शिकवत असताना मुलांनी मला असं पुष्कळदा दाखवलंय आणि मी फळ्यावर जाऊन दुरुस्त केलंय.

विश्रामबागकर:
मंडळी, आत्ता रात्रीचे पावणेदोन. अर्ज गेला.

काल संध्याकाळी त्याला हा सगळा धागा वाचायला दिला. आधी नुसता बघत बसला, माझे बाबा असल्या ठिकाणी लिहितात म्हणून. मग तंबोरा यांचं वाचून गप्प झाला. मी विचारलं, 'तुला तो 'अ' एवढा का पाहिजे होता रे?' तर म्हणाला, 'बाबा, कॉलेजात सगळे मला पंक आहे म्हणतात, म्हणजे काहीतरी विचित्र आहे असं. 'अ' लावला की माझ्यासारखे अजून आहेत असं होतं.' मी त्यावर काही बोललो नाही. चहा करून आणला दोघांना.

मग बसून लिहिलं. पहिली ओळ आहे तशीच, 'अ' सकट. दुसरी ओळ गोडाऊनची, तिसरी खोक्याची. पॅशन चारही ठिकाणचं गेलं. पुराच्या वेळी तो बारा-तेरा वर्षांचा होता, शाळेत छावणी होती तिथं रात्री भांड्यांवर ताल धरून लहान पोरांना खेळवायचा. ते मी आठवण करून दिलं, तेही गेलं अर्जात. शेवटी त्यानं 'पंक'स नॉट डेड इन सांगली' असं लिहिलंय. ॲपॉस्ट्रॉफी आहे. बाई, तुमचं नाव घेऊन घातली.

मिरजेच्या_बाई:
डोळे भरले. निकाल आला की कळवा.

भडंग_पार्सल:
तिकडं जाताना भडंग न्यायला विसरू नको म्हणावं. कांदा तिथला चालतो.

छपाईवाला_खणभाग:
विश्रामबागकर साहेब, माझ्याकडचे अजून २२ शिल्लक आहेत, ॲपॉस्ट्रॉफीवाले. पोरांना चार देतो, पैसे नकोत. मापं सांगा.

विश्रामबागकर:
पाच द्या. तीन मीडियम, एक लार्ज. माझा डबल एक्सएल. पैसे मात्र घ्यायचे.